फडक्याचं वजन

त्या रविवारी जेवायला बसायच्या आधीच घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, की निकाल काट्यावर लागणार. या घरात तसंही कशाचा निकाल दुसरीकडे कुठे लागत नसे. अण्णांनी चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले होते. बाजारातले निम्मे काटे कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेले. घरात दोन माणसं हमरीतुमरीवर आली की अण्णा एवढंच म्हणायचे, "काट्यावर ठेवा." भांडण काट्यावर ठेवायचं तरी कसं, हे त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

आज मात्र खरोखरच काट्यावर ठेवायचं होतं. छटाक आपल्या हातानं, चमच्यानं जेवू शकते की नाही, एवढाच प्रश्न होता. पण गेले दोन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता.

छटाक म्हणजे अण्णांची नात, वय वर्षं दीड. जन्मली तेव्हा इतकी हलकी होती, की अण्णांनी ओंजळीत घेतलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ही तर छटाकभर!" ते जे चिकटलं ते चिकटलं. कागदावर तिचं चांगलं लांबलचक नाव आहे, पण ते लस टोचणाऱ्या नर्सशिवाय कुणी घेत नाही. तेव्हापासून अण्णांनी दुकानातला आपला सगळ्यात लाडका, दोन पारड्यांचा पितळी काटा घरी आणून जेवणाच्या टेबलाशेजारच्या कपाटावर ठेवला होता. छटाकच्या पोटात काय जातं आणि किती जातं, ते त्या काट्याला माहीत असे.

छटाकची आई, म्हणजे घरातली सून, शहरबस चालवायची. बाळासाठी घेतलेली लांबलचक रजा आज संपत होती. उद्या सकाळी डेपोत हजर व्हायचं, नाहीतर तिची गाडी आणि तिचा मार्ग दुसऱ्याच्या हाती जाणार. पाळणाघर होतं गल्लीतच, तीन घरं सोडून. पण तिथल्या बाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "मला हात दोन आणि पोरं आठ. ज्याला आपल्या हातानं खाता येतं त्यालाच घेते. भरवत बसले तर शेवटच्याचं जेवण संध्याकाळी होईल."

तेव्हा अण्णांनी तोडगा काढला होता. दोन आठवडे रोज दुपारी वजन करायचं. वाडग्यातलं निम्म्याहून जास्त पोटात जायला लागलं, तर पोरीला जेवता येतं. नाहीतर नाही. तोडगा सगळ्यांना पटला. सगळ्यात जास्त पटला तो माईंना.

माई म्हणजे अण्णांची बायको. दीड वर्ष छटाक दिवसभर त्यांच्या कमरेवर होती. पाळणाघराचं नाव पहिल्यांदा निघालं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मी आहे ना." त्यावर कुणी काहीच बोललं नाही. माईंनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला, की पाळणाघर फिसकटलं तर पोर आपल्याच पदरात पडणार.

"एकशे साठ ग्रॅम," अण्णांनी पारड्यातून वाडगं उचललं. बटाटा आणि लाल भोपळा एकत्र घोटलेला, चमचा उलटा केला तरी पटकन सुटणार नाही इतका घट्ट. ही घट्टपणाची युक्ती सुनेची. पातळ वाढलं की चमचा तोंडाशी पोचेपर्यंत रिकामा होतो, हे तिनं पहिल्या दोन दिवसांत ओळखलं होतं.

छटाकची आत्या खास निकालासाठी आली होती. आल्या आल्या तिनं पर्समधून एक चमचा काढला, जाड आणि आखूड दांड्याचा. "हा घ्या. तरी मी आपली माईच्या बाजूची आहे, आधीच सांगते. एवढ्याशा पोरीला परक्याच्या दारात कशाला लोटायचं? माझा मुलगा चार वर्षांचा होईस्तो माझ्या हातानं जेवला."

"आणि अजून तुझ्याच हातानं दप्तर भरतो," तिचा भाऊ म्हणाला. हा छटाकचा बाप. अण्णांबरोबर दुकानात बसायचा आणि घरातलं वातावरण तापलं की टपल्या मारायचा.

"तू गप रे."

माई नळाखाली फडकं ओलं करत होत्या.

या फडक्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच होती.

अण्णांच्या धंद्यात रिकाम्या भांड्याचं वजन आधीच समोरच्या पारड्यात टाकून ठेवतात, म्हणजे मग फक्त मालाचंच वजन कळतं. त्याला धडा करणं म्हणतात. अण्णांनी पहिल्या दिवशी वाडग्याचा धडा केला, लाळेऱ्याचा केला, छटाकच्या उंच खुर्चीच्या सुट्या फळीचा केला आणि सांडलेलं पुसायच्या फडक्याचाही केला. जेवण झालं की ही सगळी वरात एका ताटात काट्यावर यायची. उरलेलं अधिक सांडलेलं, ते एकशे साठातून वजा, बाकीचं पोटात. एक कण सुटायचा नाही. पण कपाटातून काढलेलं फडकं कोरडं होतं आणि अण्णांनी उभ्या जन्मात स्वतः टेबल पुसलेलं नव्हतं. चिकटलेला बटाटा कोरड्या फडक्यानं निघत नाही. माई ते ओलं करून घ्यायच्या. बटाट्याबरोबर पाणीही तोललं जात होतं आणि ते सगळं छटाकच्या नावावर सांडलेलं म्हणून चढत होतं.

पहिले दोन दिवस माईंच्याही हे लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी फडकं ताटात टाकताना बोटांवरून पाणी ओघळलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सांगावं म्हणून त्या वळल्यासुद्धा. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "पन्नास. निम्मं कुठलं, तिसरा हिस्सासुद्धा नाही." आणि छटाक हात पसरून माईंकडे झेपावली. माई तिला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

चौथ्या दिवशी त्यांनी फडकं जरा कमीच पिळलं.

"बसा सगळे, आणि तिच्याकडे टक लावून बघू नका," सून म्हणाली. अर्थातच सगळे टक लावून बघत बसले.

वाडगं सरकू नये म्हणून अण्णांनी त्याच्या बुडाला जुन्या काट्याचे रबरी पाय चिकटवले होते. सून खुर्चीच्या मागे उभी राहिली. पहिल्या आठवड्यात ती छटाकचा आख्खा हात आपल्या हातात धरायची. मग नुसतं मनगट, मग कोपराला बोट. आज तिनं हात मागे बांधून घेतले होते. बसमध्ये शिकाऊ माणसाशेजारी बसतात तशी ती उभी होती, ब्रेकवर पाय न ठेवता.

छटाकनं आत्याचा नवा चमचा उचलला, न्याहाळला आणि जमिनीवर टाकला. मग आपला जुना चमचा घेतला, उलटा. उलट्या चमच्याला चिकटलं तेवढं चाटलं. मग सुलटा केला, वाडग्यात खुपसला, भरून वर आणला. तोंडापाशी येता येता मनगट वळलं आणि सगळा भोपळा लाळेऱ्यावर उतरला.

"अर्रर्र," आत्या म्हणाली.

"सोडून दे, पुढचा," सून म्हणाली.

पुढचा चमचा नाकाला लागून का होईना, पण तोंडात गेला. टेबलाभोवतीच्या पाचही जणांचे जबडे त्या चमच्याबरोबर आपोआप उघडले होते, ते मिटले. माईंच्या हाताला मात्र चैन पडेना. भरवायला म्हणून त्यांचा उजवा हात तीनदा पुढे गेला आणि तीनदा त्यांनी मीठ उचलून परत ठेवलं.

पोर जेवत होती. चमच्यामागून चमचा. मधेच डाव्या हातानं मदत घेत, मधेच टाळ्या पिटत. तिच्या आवेशाकडे बघून माईंना कौतुक वाटत होतं आणि ते वाटतंय याचाच राग येत होता. हिला एवढी कसली घाई झालीय मोठं व्हायची?

जेवण संपलं. माईंनी पुसलं, ताट अण्णांकडे दिलं. अण्णांनी चष्मा लावला. एकेक वस्तू पारड्यात गेली, समोर एकेक वजन चढलं. वाडग्यात अडतीस. लाळेरं आणि फळी मिळून अठ्ठावीस. फडकं बेचाळीस.

"एकशे आठ बाहेर," अण्णा सावकाश म्हणाले. "बावन्न पोटात."

छटाकनं एक मोठी ढेकर दिली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"झालं तर मग," आत्या म्हणाली. "माझं ऐका, माईपाशी राहू दे तिला."

"माईंपाशी नाही, ताई." सुनेनं छटाकचं तोंड पुसलं. आवाज अगदी सरळ होता. "त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. डॉक्टरांनी ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलंय आणि ही बाई दिवसातून पन्नास वेळा कडेवर मागते. त्या नाही म्हणणार नाहीत, मला माहितीये. म्हणून मीच ठरवलं. डेपोत उद्या राजीनामा देते."

"राजीनामा?" माईंच्या तोंडून शब्द बाहेर पडला तो जेमतेम ऐकू आला.

"आम्ही दोघांनी काल बोलून ठेवलं होतं," अण्णांचा मुलगा म्हणाला. या वेळी त्यानं टपली मारली नाही.

सगळ्यात आधी भडकली ती आत्या. आत्तापर्यंत माईच्या बाजूची होती, ती खुर्ची सरकवून उभीच राहिली. "वेड लागलंय का तुला? बावन्न ग्रॅमवरून नोकरी सोडतेस? मी सोडली ना छापखान्यातली, मुलगा खात नाही म्हणून! पुढच्याच वर्षी तो घरादारासकट खायला लागला, पण मला कुणी परत बोलावलं नाही. अजूनही कुठे छापलेला कागद दिसला की त्यातल्या चुका शोधत बसते मी. मुळीच सोडायची नाही. अण्णा, तुम्ही बोला ना काहीतरी!"

अण्णा काट्याजवळच उभे होते. "मी काय बोलू? माझंच काही खरं राहिलं नाही."

"म्हणजे?"

"पोरीला मी दर रविवारी तोलतो. दोन आठवड्यांत तिचं वजन चांगलं वाढलंय. म्हणजे पोटात जातंय. आणि काटा म्हणतो जात नाही. दोन्ही कसं खरं असेल?" त्यांनी चष्मा काढला. "या आठवड्यात चार वेळा काटा उघडला. दांडी ज्यांवर डोलते त्या धारा साफ केल्या, वजनं तपासली. दोष सापडत नाही. म्हणजे माझ्या डोळ्यांत आहे, नाहीतर हातात. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी म्हणतो, उद्यापासून दुकान यानंच बघावं. चुकीचे हात लोकांच्या काट्याला लावू नयेत."

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. गेले चार दिवस अण्णा सकाळचा चहा निवेपर्यंत त्या कपाटापाशी का बसतात, हे त्यांना आत्ता कळलं. आपल्याला काय वाटलं होतं? छटाक घरी राहील, बस. बाकी सगळं आहे तिथेच राहील. आणि इथे एकीची नोकरी चालली होती, एकाचं दुकान चाललं होतं. नोकरी तर माईंच्याच गुडघ्याच्या काळजीपोटी! माईंना एकदम उकडायला लागलं.

"अहो, ते फडकं," त्या म्हणाल्या.

"काय फडकं?"

"ओलं आहे."

"असू दे की."

"असू दे काय! ओलं आहे म्हणजे पाणी आहे त्यात. तुम्ही कोरड्याचा धडा केलात. मी रोज ओलं करून पुसते. तुमच्या काट्याला काही झालेलं नाही आणि तुमच्या डोळ्यांनाही नाही. पोरगी व्यवस्थित जेवते. तिच्या नावावर जे सांडलं ते नळाचं पाणी आहे."

अण्णांनी फडकं उचललं. चिमटीत धरलं. थेंब पडला. ते त्या थेंबाकडे इतका वेळ बघत राहिले की मुलानं त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि स्वतःच हिशोब केला. "ते सोडून सहासष्ट. फडक्यावरचा बटाटा अगदी सहा ग्रॅम धरला तरी बहात्तर. म्हणजे अठ्ठ्याऐंशी पोटात! अण्णा, निम्म्याहून जास्त!"

"पाण्याचा धडा राहिला," अण्णा पुटपुटले. "शिकाऊ माणूससुद्धा... भिजलेलं पोतं आधी निथळून घ्यायचं, हे मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगतो." आणि मग मान मागे टाकून ते जे हसायला लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डोळे शाबूत होते, हात शाबूत होते. त्यांना बाकी काही नको होतं.

सून हसली नाही.

"माई," ती म्हणाली, "तुम्हाला हे आत्ता लक्षात आलं?"

इथे हो म्हणता आलं असतं. कुणी उलटतपासणी घेतली नसती. माईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"नाही. तिसऱ्या दिवशीच. चौथ्या दिवसापासून तर मी नीट पिळतही नव्हते." त्यांनी पदर पुन्हा बोटाला गुंडाळला. "मला वाटलं, तुझी नोकरी कशी जाईल, मी आहे ना. ती माझ्याकडे राहील एवढंच वाटलं मला. तुझ्याशी वाकडं नव्हतं गं. तिच्याशिवाय दुपार कशी जायची, हेच येत होतं डोळ्यांसमोर."

सून छटाकचं वाडगं उचलून आत गेली. आत्या माईंच्या शेजारी येऊन बसली आणि "माई, तू म्हणजे ना," एवढंच म्हणून तिनं आईचा हात धरला. मुलगा वजनं एकेक करून डबीत ठेवायला लागला. आतून काहीतरी घोटल्याचा आवाज येत होता. माई त्या आवाजाकडे कान देऊन बसल्या. पूर्वी आपल्या सासूबाई रागावल्या की अशाच आत जाऊन भांडी घासायच्या, ते त्यांना आठवलं. फरक एवढाच, की आज चूक माईंची होती.

सून बाहेर आली ती कुस्करलेलं केळं घेऊन. तिनं वाडगं छटाकसमोर ठेवलं आणि या वेळी खुर्चीमागे उभी न राहता टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. छटाकच्या सगळ्यात जवळ माई होत्या.

छटाकनं चमचा भरला. तो वाकडा झाला. माईंचा हात उठला. पण मग त्यांनी एक गंमतच केली. दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि सरळ आपल्याच हातांवर बसल्या.

चमचा आणखी वाकडा झाला, थांबला. छटाकनं त्याच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं. मग तिनं चमचा तोंडाकडे न्यायचा सोडून तोंडच चमच्याकडे नेलं. गेला! केळं गालाला, चमचा दातांत, आणि वरून सगळ्यांकडे अशी नजर, जशी काही हिनं बस चालवली.

"बघितलंस?" माई ओरडल्या. "बघितलंस का, कशी डोकं लढवते ती!" ओरडताना त्या सुनेकडे बघत होत्या आणि सून त्यांच्याकडे.

शेवटचा घास संपेपर्यंत केळं फळीवर, खुर्चीच्या दांड्यावर आणि छटाकच्या कानामागे पोचलं होतं. सून उठली. ताटातलं फडकं उचलून तिनं माईंच्या समोर धरलं.

"पुसून घेता? आणि माई, जरा घट्ट पिळा हं."

आधी मुलगा फिसकन हसला, मग आत्या. अण्णा तर नुकते कुठे थांबले होते, ते पुन्हा सुरू झाले. माईंना हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी नळाखाली फडकं धरलं आणि शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळलं, मनगटं दुखेस्तोवर.

त्या पुसत असताना सून टेबल आवरत होती. "माझी ड्युटी संध्याकाळी साडेपाचला संपते," ती म्हणाली, जणू भांड्यांशीच बोलत होती. "पाळणाघर चारला मुलं सोडतं. तीन घरं सोडून तर आहे. कडेवर नाही घ्यायचं, बोट धरून चालवत आणायचं. तेवढं तुमच्या गुडघ्याला झेपेल ना?"

"झेपेल म्हणजे काय!"

"ऑपरेशनच्या महिन्यात ताई येईल. नंतर परत तुम्ही."

आत्यानं मान डोलावली. छटाकनं चमचा जमिनीवर टाकला आणि तो कोण उचलतंय याची वाट बघत राहिली. माईंनी वाकून तो उचलला, धुतला आणि उद्या पाळणाघरात न्यायच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवला. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दोन वाजले होते. उद्याच्या चारला अजून सव्वीस तास होते.